नावेत नसलेले श्रोते

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपली पहिली कादंबरी हस्तलिखितातच मला वाचावयास दिली. विहिरीच्या तळाशी घड्याळांचे राज्य आहे. तेथील राणी रोज अर्धा तास मागे पडते आणि प्रजेलाही तितकेच मागे राहावे लागते, अशा थाटाची ती विनोदी अद्भुतकथा. मित्रमंडळीत वाचन झाले तेव्हा सर्वांची हसता हसता पुरेवाट झाली, असे तो म्हणाला. मी एकटा वाचीत बसलो आणि दोनच ठिकाणी हसलो. पुढे उमगले की, तीतील बहुतेक घड्याळे म्हणजे आमच्या महाविद्यालयातील अध्यापक होत. (नेहमी उशिरा ठोके देणारे लंबकाचे घड्याळ म्हणजे प्रस्तुत लेखकच, असा दाट संशय आहे; तेथे हसू न येण्याचे कारण निराळे समजावे.)

अशा लेखकास भय वाटते ते कोणी हसणार नाही याचे. वस्तुतः भ्यावे ते आपली माणसे फार लवकर हसतात याला. या दृष्टीने 'अ‍ॅलिस'चा जन्मवृत्तांत पाहण्यासारखा आहे. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्ड येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन हे स्नेही डकवर्थ व लिडेल कुटुंबातील तीन मुली यांच्यासह नावेतून गॉडस्टो येथे गेले. वाटेत रचीत गेलेली गोष्ट मधल्या अ‍ॅलिसने लिहून मागितली, आणि स्वतःच्या ३७ चित्रांनी सजविलेले हस्तलिखित तिला नोव्हेंबर १८६४ मध्ये मिळाले.

या हस्तलिखितात, आसवांच्या तळ्यातून भिजून निघालेल्या मंडळींना डोडो पक्षी जवळच्या एका घरी अंग वाळविण्यास नेतो. यात गंमत ती काय, असे आपणांस वाटेल. पण त्याच जून महिन्यात हीच मंडळी सहलीत पावसाने भिजून एका घरी आसऱ्यास गेली होती! डोडो म्हणजे डॉजसन, बदक म्हणजे डकवर्थ, आणि लोरी व गरुडाचे पिल्लू म्हणजे अ‍ॅलिसच्या दोघी बहिणी. नावेतल्यांना हे सांगावे लागत नव्हते. छापील पुस्तकात पक्षी राहिले, ते घर मात्र गेले. त्याच्या जागी आली ती विलक्षण शर्यत: जो तो वाटेल तेव्हा धावू लागतो, वाटेल तेव्हा थांबतो, अखेर सगळेच जिंकतात, आणि अ‍ॅलिसला बक्षीस म्हणून तिच्याच खिशातले अंगुस्तान समारंभपूर्वक अर्पण होते. ज्याने एखाद्या संस्थेची वार्षिक सभा पाहिली आहे, त्यास ऑक्सफर्डच्या पावसाची माहिती असण्याचे कारण उरत नाही.

हा पालट एकाएकी झालेला नाही. जॉर्ज मॅकडोनल्ड या कादंबरीकाराच्या घरी त्याच्या पत्नीने ही कथा मुलांना वाचून दाखविली; ती मुले नावेत नव्हती, तरी रंगून गेली. मग लेखकास धीर आला. छापण्यापूर्वी कथा जवळजवळ पाऊणपट वाढली. हसरे मांजर आणि टोपीवाल्याचे चहापान, ज्यांच्यावाचून आज हे पुस्तक कल्पिताच येत नाही, ती दोन्ही मूळ हस्तलिखितात नाहीत. छपाई १८६५ मध्ये लेखकाच्याच खर्चाने झाली. चित्रकार टेनिएल यांस ती पसंत पडली नाही, म्हणून दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती मागे घेऊन पुस्तक पुन्हा छापविले. गणिती मनुष्याचे हे अंकगणित मला अद्याप नीटसे उलगडलेले नाही. असो. हस्तलिखितातील जिव्हाळा छापील पुस्तकात थोडा उणावला आहे, हेही कबूल केले पाहिजे.

विद्यार्थ्यास मी प्रथम 'हे छापू नका' असेच कळविले होते. ती घाई झाली. मग त्याच्या संमतीने ते बाड मी शेजाऱ्यांकडे दिले. त्या घरात आमच्या महाविद्यालयाचे नावही कोणास ठाऊक नाही. तेथील मुलांना अध्यापकरूपी घड्याळे कंटाळवाणी वाटली. पण राणी रोज जो अर्धा तास मागे टाकते, तो साठतो कोठे, हे त्यांनी मला तीनदा विचारले. कादंबरीत त्याविषयी एक अक्षर नाही. तो प्रश्न बाडाच्या पहिल्या पानावर लिहून मी ते परत पाठविले आहे.