‘चंदू चॅम्पियन’मध्ये पोहण्याचा तलाव कुठे आहे?

‘दिव्यांग आणि क्रीडा’ हा विषय पीएच.डी.साठी घ्यावा असं मनात असेल, तर तुमची सुरुवात बहुधा एखाद्या चित्रपटाने किंवा पेपरातल्या बातमीने होणार. त्यात गैर काही नाही. विषय पुस्तकातूनच सुचला पाहिजे असा नियम कुठेही नाही. पण चित्रपटातून विषय सुचणं वेगळं, आणि चित्रपटाची चौकट जशीच्या तशी आपल्या सिनॉप्सिसमध्ये येऊन बसणं वेगळं. ही दुसरी गोष्ट आपल्या नकळत होते. म्हणून आज ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट संशोधकाच्या नजरेने बघू आणि मग तोच प्रश्न आपल्या चंदगड तालुक्यात आणून उभा करू.

चित्रपट काय सांगतो

कबीर खान दिग्दर्शित हा चित्रपट जून २०२४ मध्ये आला. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. लहानपणी चेष्टेचा विषय झालेला मुलगा, कुस्ती, सैन्य, बॉक्सिंग, १९६५ चं युद्ध, पाठीच्या कण्यात अडकलेली गोळी, आणि शेवटी १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. चित्रपट बघताना डोळ्यांत पाणी येतं हे मी नाकारणार नाही. पेटकरांचं नाव घराघरांत पोचलं, हे तर या चित्रपटाचं मोठंच काम.

आता जरा थांबा आणि चित्रपटाच्या बांधणीकडे बघा. म्हातारा मुरलीकांत पोलीस ठाण्यात येतो आणि अर्जुन पुरस्कार मिळाला नाही म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायची म्हणतो. सगळी गोष्ट या तक्रारीच्या निमित्ताने उलगडते. म्हणजे चित्रपटाची मागणी आहे सन्मानाची. नॅन्सी फ्रेझर या अभ्यासिकेने १९९५ च्या एका गाजलेल्या निबंधात न्यायाच्या मागण्यांचे दोन प्रकार वेगळे काढून दाखवले: एक ओळख मिळण्याची, दुसरी संसाधनांच्या फेरवाटपाची. हा भेद इथे फार कामाला येतो. पुरस्कार ही ओळख झाली. तलावातली वेळ, प्रशिक्षकाचं लक्ष, पाण्यापर्यंत जायचा उतार हे झालं वाटप. चित्रपट पहिल्यासाठी भांडतो, दुसऱ्याबद्दल जवळजवळ गप्प राहतो.

पोहणं चित्रपटाच्या उत्तरार्धात येतं, तेही मुख्यतः जिद्दीची परीक्षा म्हणून. विजय राज यांनी रंगवलेला टायगर अली हा प्रशिक्षक आधी बॉक्सिंग शिकवतो आणि नंतर पोहणं. नातं सगळं गुरू आणि शिष्याचं. चित्रपटाच्या प्रसिद्धीतही चर्चा रंगली ती कार्तिक आर्यनने शरीर कसं कमावलं याची. अपंगत्वाबद्दलच्या चित्रपटाची जाहिरात एका धडधाकट शरीराच्या मेहनतीवर चालावी, यातली विसंगती तुमच्या वहीत टिपून ठेवा.

प्रत्यक्ष आयुष्य काय सांगतं

पेटकरांबद्दल जे सार्वजनिक माहितीत आहे ते पुन्हा वाचून बघा. जखमी झाल्यावर ते मुंबईच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीमध्ये होते. पोहणं त्यांच्याकडे आलं ते उपचाराचा भाग म्हणून. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते टेबल टेनिस खेळले. परदेशी जाण्याच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेची मदत झाली. १९७२ ला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रम केला. पुढे टेल्कोत नोकरी. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर तब्बल ४६ वर्षांनी.

या यादीत काय काय दिसतं? रुग्णालय, उपचार करणारी माणसं, पाणी, प्रवासाचे पैसे, नोकरी. जिद्द होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण ती एकटी नव्हती. तिच्याभोवती एक अख्खी व्यवस्था उभी होती, आणि तीही सैन्याची. तीच जिद्द असलेला पण सैन्यात नसलेला, झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला एखादा तरुण त्याच काळात आपल्याकडेही असेल. त्याच्यावर चित्रपट निघत नाही, कारण तो पाण्यापर्यंत पोचलाच नाही.

हीच ती पद्धतीची गोम. जे आत आले त्यांच्याकडे बघून ‘आत कसं येता येतं’ याचा सिद्धांत मांडला, तर उत्तर नेहमी ‘जिद्दीने’ असंच येणार. तुम्ही तीस पदकविजेत्यांना प्रेरणेची प्रश्नावली द्या. सगळ्यांची प्रेरणा उच्च निघेल. ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांची प्रेरणाही तेवढीच होती का, हे त्या प्रश्नावलीला कधीच कळणार नाही. नमुना निवडतानाच निष्कर्ष ठरून गेलेला असतो.

१९७२ चीच आणखी एक गोष्ट. ऑलिम्पिक म्युनिकला झालं, पण पॅरालिम्पिक हायडेलबर्गला. कारण काय, तर म्युनिकचं क्रीडाग्राम स्पर्धा संपल्याबरोबर खासगी सदनिकांमध्ये बदलायचं ठरलं होतं. खेळाडू तेच, जिद्द तीच, गाव मात्र बदललं. का? इमारतीच्या वापराच्या वेळापत्रकामुळे! समावेशन हा शब्द जड वाटतो, पण प्रत्यक्षात तो असा वेळापत्रकात, चाव्यांमध्ये आणि पावत्यांमध्ये राहतो.

दोन संकल्पना, एका शिडीवर

१९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी ‘सामाजिक प्रारूप’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्याच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा टँकवर जाऊन बघा. पाय चालत नाहीत, हा झाला शारीरिक दोष. तलावात उतरायला फक्त उभी लोखंडी शिडी आहे, हे झालं अपंगत्व, कारण ते बांधकामाने तयार केलं. गंमत अशी की पाणी शरीराचा भार बराचसा पेलतं. पाण्यात गेल्यावर अडचण पुष्कळ कमी होते. खरी अडचण आहे व्हीलचेअर आणि पाणी यांच्यामधल्या चार-पाच फुटांत. चित्रपट आपल्याला ५० मीटर दाखवतो. हे चार-पाच फूट दाखवायला कॅमेरा थांबत नाही.

दुसरी संकल्पना ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग यांची. त्या स्वतः व्हीलचेअर वापरत. अपंग माणसाचं साधं जगणंही इतरांना ‘प्रेरणा’ म्हणून विकलं जातं, यावर त्यांनी २०१२ मध्ये सडकून लिहिलं आणि त्याला ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ असं नाव दिलं. आपल्या पेपरातले ‘अपंगत्वावर मात’ हे मथळे या नजरेने एकदा चाळा. मात कोणावर? शरीरावर. तलावाच्या व्यवस्थापनावर मात केली असं कुणी छापत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी. चित्रपटाला नायक लागतो, अडीच तासांत त्याने धोरणाचा अहवाल मांडावा ही अपेक्षा चुकीची आहे. माझी तक्रार कबीर खान यांच्यापेक्षा आपल्याकडे आहे. चित्रपटाला जी सूट आहे ती आपल्याला नाही.

महाराष्ट्रातली आणखी नावं

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा सुयश जाधव. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गेले, तरी २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण. त्याचे वडील स्वतः पोहणारे होते. म्हणजे पाण्याचं दार घरातूनच उघडलं. दृष्टिहीन कांचनमाला पांडे, नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत. २०१७ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेच्या वेळी मंजूर पैसे वेळेत पोचले नाहीत आणि परक्या शहरात हात पसरायची वेळ आली, अशा बातम्या तेव्हा आल्या. त्याच वर्षी मेक्सिकोत तिने जागतिक सुवर्ण जिंकलं. आणि आपल्या कोल्हापूरचा स्वप्नील पाटील, अर्जुन पुरस्कार मिळालेला पॅरा जलतरणपटू.

प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: दार कोणी उघडलं? उत्तरं वेगवेगळी येतील. घर, नोकरी, शहर. ‘स्थानिक क्लब’ हे उत्तर किती वेळा येतं ते मोजा. तुमचा विषय तिथे आहे.

आता चंदगड

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव पन्नासच्या आत. दवाखाना, बाजार, कॉलेज यांसाठी आपली पावलं बेळगावकडे वळतात, हे तुम्हाला सांगायला नको. पोहण्याच्या बाबतीतही बेळगावचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार असलेल्या मोईन जुन्नेदी या मुलाला तिथले प्रशिक्षक उमेश कलघटगी यांनी पोहायला शिकवलं आणि त्याने पुढे पदकं मिळवली. बातम्या मोईनच्या झाल्या. संशोधकाने विचारायचं ते वेगळंच: इतक्या नाजूक हाडांच्या मुलाला पाण्यात कोण उतरवत होतं? त्याच्या शेजारच्या लेनमध्ये सराव कसा चालायचा? बाकीच्या पालकांनी काय म्हटलं? प्रशिक्षकाचा वेळ कुठून काढला? हे प्रश्न एखाद्या दिवसाच्या मुलाखतीत सुटत नाहीत. त्यासाठी क्लबमध्ये महिनोन्‌महिने बसावं लागतं.

आणि इथेच आपल्या सीमाभागाचा खास प्रश्न येतो. चंदगडच्या मुलीने सराव बेळगावात केला तर स्पर्धेसाठी नोंदणी कोणत्या राज्याकडे? युडीआयडी कार्ड देशभर चालतं, पण क्रीडा संघटना राज्यवार असतात. शिवाय सर्वसाधारण पोहण्याचा कारभार भारतीय जलतरण महासंघाकडे आणि पॅरा जलतरणाचा भारतीय पॅरालिम्पिक समितीकडे, अशा दोन वेगळ्या साखळ्या. एकाच टँकमध्ये शेजारी शेजारी पोहणारी दोन मुलं कागदावर दोन वेगळ्या जगांत असतात. यावर नीट काम झालं तर ते आपल्या तालुक्यापलीकडेही उपयोगी पडेल.

तालुक्यातलं पोहणं टँकपुरतं मर्यादित नाही, हेही ध्यानात ठेवा. विहीर, ताम्रपर्णीचा डोह, पाठीला बांधलेला भोपळा किंवा प्लॅस्टिकचा कॅन, काठावरून दोर धरणारा काका. हीसुद्धा एक प्रशिक्षण व्यवस्थाच आहे. त्यात अपंग मुलाला कोण नेतं, कोण नेत नाही? ‘क्लब’ची व्याख्या शहरातून उचलली, तर हा सगळा भाग तुमच्या अभ्यासातून गळून पडेल.

कायदा आणि बांबू

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३० मुळातून वाचा. खेळातल्या सहभागाची जबाबदारी ते सरकार आणि क्रीडा प्राधिकरणांवर टाकतं. सुविधांची पुनर्रचना, कार्यक्रमांत बदल, निधी, सगळं त्यात आहे. ४० टक्के अपंगत्वाची अट या कलमाला नाही, ही बारीक गोष्ट परीक्षकांना आवडेल. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं स्पष्ट केलं. माहिती शोधताना ‘दिव्यांग’ आणि ‘अपंग’ हे दोन्ही शब्द टाका, जुनी कागदपत्रं दुसऱ्याच शब्दात सापडतात.

‘पण खर्च?’ असं क्लबवाले म्हणतील. काही बदल खरंच खर्चिक असतात, लिफ्ट त्यातली. सगळे तसे नसतात. पूर्ण दृष्टिहीन, म्हणजे एस ११ गटातल्या जलतरणपटूला भिंत जवळ आली हे कळावं म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही एक माणूस काठावर उभा राहतो आणि मऊ टोकाच्या काठीने हलकेच टोकतो. बांबू आणि स्पंज आपल्याकडेही मिळतात. जो सूर मारू शकत नाही त्याला पाण्यातूनच शर्यत सुरू करायची मुभा नियमातच आहे. तेव्हा ‘परवडत नाही’ हे उत्तर तुमच्यासाठी निष्कर्ष नाही. कोणता बदल परवडत नाही, हे कुणी ठरवलं आणि हिशोब केला होता का, इथून तुमची चौकशी सुरू होते.

नकाराची नोंद

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. क्लबकडे सभासदांचं रजिस्टर असतं. परत पाठवलेल्यांचं नसतं. ‘आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही हो’ हे वाक्य खिडकीशी तोंडी बोललं जातं आणि तिथेच विरून जातं. ते ऐकून आई मुलाला घेऊन घरी जाते, पुन्हा विचारत नाही, आणि वर्षभराने क्लब प्रामाणिकपणे सांगतो की आमच्याकडे असं कुणी आलंच नाही. मग ‘मागणीच नाही’ असा अहवाल तयार होतो.

त्यामुळे अभ्यासाची सुरुवात टँकवरून करू नका. विशेष शाळा, अंगणवाडी सेविका, आशाताई, प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात रांगेत उभी असलेली घरं, इथून करा. परवानगी घ्या, नावं बदला, लहान तालुक्यात गाव आणि आजार एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो हे विसरू नका.

मग सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य तपासा. ‘दिव्यांग जलतरणपटूंच्या यशामागील प्रेरणेचा अभ्यास’ असं लिहिलं असेल तर ते खोडा. त्याजागी लिहून बघा: ‘चंदगड आणि बेळगाव परिसरात अपंग मुलांना पाण्यापर्यंत पोचवणारे आणि पोचू न देणारे नियम, माणसं आणि खर्च.’ शीर्षक जरा ओबडधोबड आहे, गाईड दुरुस्त करतील. पण या वाक्यात खिडकीवरून परत गेलेल्या त्या आईला जागा आहे.