मत्स्यविनोद आणि त्याचे वाङ्मय

मासे धरणे हा आपल्याकडे मुख्यतः धंदा आहे. इंग्रजी समाजात तो धंदा आहे आणि छंदही आहे. आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली गळाच्या छंदावर ग्रंथ लिहून ह्या विषयाला वाङ्मयात जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती आजतागायत टिकून आहे. आपल्या काव्यनाटकांत हरणामागे धावणाऱ्या राजाला मृगयेचे वैभव लाभले, पण पाण्यात गळ सोडून बसलेल्या रसिकाकडे कवींचे फारसे लक्ष गेले नाही. तथापि ही कल्पना आपणांस अगदीच परकी होती असे नव्हे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या करमणुकी वर्णिताना 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरण घातले असून त्यात गळ, दोर व आमिषे यांचा सविस्तर विचार केला आहे. पोटासाठी मासा धरणे निराळे आणि मन रमविण्यासाठी धरणे निराळे, हा भेद त्या एका शब्दात आला आहे. म्हणून ह्या लेखात मी तोच वापरणार आहे.

ज्या मत्स्यविनोदाविषयी येथे लिहावयाचे आहे त्याचे क्षेत्र मात्र फार दूरचे आहे. क्यूबाच्या उत्तर किनाऱ्याजवळून गल्फ स्ट्रीम नावाचा उष्ण व खोल प्रवाह वाहतो. त्यात मार्लिन नावाचा, भाल्यासारख्या लांब चोचीचा प्रचंड मासा येतो. फ्लॉरिडापासून सुमारे ५० मैलांवरील बिमिनी बेटाजवळही हेच वैभव आहे. भूगोलाच्या काटेकोर दृष्टीने बिमिनी कॅरिबियन समुद्रात नसून अटलांटिक महासागरात मोडते, परंतु प्रवासी लोक ह्या साऱ्याच बेटांना कॅरिबियन म्हणतात. तेथे परदेशी पाहुणा दिवसाच्या भाड्याने नौका घेतो. मासा कोठे असेल ते तांडेल ओळखतो. आमिष खलाशी ओवतो. पाहुणा नौकेच्या मागल्या अंगास पक्क्या बसविलेल्या खुर्चीत, खांद्यांना पट्टे बांधून, जाड काठी धरून बसतो. मासा लागला म्हणजे तांडेल नौका अशी फिरवितो की दोर तुटू नये. अखेर मासा जवळ आला की खलाशी त्याला आकडीने धरतो. १९३९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम असा की, झुंज चालू असता पाहुण्याखेरीज कोणी काठीला हात लाविला तर तो मासा विक्रमात धरावयाचा नाही. म्हणजे नौकेवरील तिघांच्या कौशल्याने मासा मिळावयाचा आणि वहीत नाव एकाचे लागावयाचे!

खेळाचे नियम खेळापुरते असतात, त्यांत अन्याय शोधू नये, असे कोणी म्हणेल. खेळापुरते ते खरेही आहे. परंतु हाच नियम वाङ्मयात शिरला म्हणजे प्रश्न निराळा होतो. मत्स्यविनोदावरील पुस्तक कसाला लावताना माशाचे वजन किंवा समुद्राचे वर्णन पाहून भागत नाही. त्या नौकेवर आणखी कोण होते आणि लेखकाला ते दिसले की नाही, हे पाहावे लागते. ह्या दृष्टीने अर्नेस्ट हेमिंग्वे याचे लेखन तपासण्याजोगे आहे. कारण तो स्वतः असा पाहुणा होता. १९३२ पासून तो हवानाजवळ मार्लिन धरीत असे आणि १९३४ साली त्याने 'पिलार' नावाची ३८ फुटी नौका स्वतःसाठी करवून घेतली.

१९३७ सालची 'टू हॅव अँड हॅव नॉट' ही त्याची कादंबरी ह्याच व्यवसायापासून सुरू होते. हॅरी मॉर्गन हा भाड्याच्या नौकेचा मालक पहिल्या भागाची कथा स्वमुखाने सांगतो. जॉन्सन नावाचा पाहुणा कित्येक दिवस त्याची नौका घेऊन हिंडतो, दिलेल्या सूचना मानीत नाही, आणि अखेर एका मोठ्या माशाच्या हिसक्याने काठी व रीळ दोन्ही समुद्रात घालवितो. भाडे आणि नुकसानभरपाई उद्या देतो असे सांगून तो दुसऱ्या दिवशी विमानाने निघून जातो. खिशात काही न उरलेला हॅरी मग माणसे चोरून नेण्याच्या बेकायदा कामास तयार होतो आणि त्यातून खुनापर्यंत जातो. पाहुण्याच्या दृष्टीने जी एक फसलेली सहल, ती नौकावाल्याच्या आयुष्याची उतरंड कोसळविणारी घटना ठरते. ही कल्पना फार खरी आहे, आणि ती सुचावयास त्या धक्क्यावर पुष्कळ दिवस काढलेले असावे लागतात.

परंतु त्याच नौकेवर आमिष ओवणारा एक कृष्णवर्णीय खलाशी आहे. त्याला ह्या भागात नाव नाही. हॅरी त्याचा उल्लेख वर्णावरून हिणविणाऱ्या शब्दानेच करतो. टोनी मॉरिसन हिने १९९२ सालच्या 'प्लेइंग इन द डार्क' ह्या समीक्षाग्रंथात येथे एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. सुकाणूवर असलेल्या ह्या मनुष्यास उडत्या माशांचा थवा प्रथम दिसतो. त्याने ओरडून सांगावे हे स्वाभाविक. पण त्याच्या तोंडी शब्द घालावयाचे नाहीत म्हणून लेखक असे अवघडलेले वाक्य लिहितो की, त्याला दिसले हे हॅरीला दिसले. साध्या, सरळ वाक्यासाठी जगभर नावाजलेल्या लेखकाची लेखणी येथे अडखळते, आणि अडखळण्याचे कारण भाषेत नाही, दृष्टीत आहे. ज्याने पाहुण्याचा उथळपणा ओळखला त्याला आपल्या नायकाचा उथळपणा ओळखता आला नाही.

ह्यानंतर पंधरा वर्षांनी, १९५२ साली, 'द ओल्ड मॅन अँड द सी' प्रसिद्ध झाली. तिचे बीज १९३६ च्या एप्रिलमध्ये 'एस्क्वायर' मासिकात हेमिंग्वेने लिहिलेल्या एका लेखात आहे. कार्लोस गुतिएरेस ह्या आपल्या क्यूबन खलाशाकडून ऐकलेली हकीकत त्याने तेथे थोडक्यात दिली होती: एका म्हाताऱ्या कोळ्याच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला, त्याने होडी खोल समुद्रात ओढून नेली, शार्कांनी मासा खाल्ला, आणि दुसऱ्या कोळ्यांनी त्या म्हाताऱ्यास होडीत रडत, अर्धवट भ्रमिष्ट झालेला असा शोधून काढला. ही गोष्ट मत्स्यविनोदाच्या नौकेवरच ऐकलेली आहे, हे विसरता कामा नये. पाहुणे नसते तर हे पुस्तकही झाले नसते.

मूळ हकीकत आणि कादंबरी ह्यांतील फरक पाहण्यासारखा आहे. कादंबरीतील सांतियागोला कोणी शोधून आणीत नाही. तो आपला आपण परत येतो. तो रडत नाही, भ्रमिष्ट होत नाही. माझ्या मते हा बदल केवळ नायकाला उदात्त करण्यासाठी झालेला नाही. एकट्याने झुंजावे, दुसऱ्याचा हात काठीला लागू नये, हा पाहुण्यांच्या खेळातील आदर्श येथे नकळत गरीब कोळ्याच्या अंगावर चढविला गेला आहे. खऱ्या कोळ्याला एकटेपणाचे भूषण नसते. त्याचा धंदाच जोडीदाराचा, शेजारच्या होडीचा, किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसांचा असतो. हेमिंग्वेचा मोठेपणा असा की, त्याने हा आदर्श सांतियागोवर लादला तरी सांतियागो तो मान्य करीत नाही. तो मुलगा मनोलिन आत्ता जवळ असता तर किती बरे झाले असते, असे तो भर समुद्रात पुनःपुन्हा म्हणतो. लेखकातील खेळाडू एकांताचा गौरव करीत आहे आणि लेखकाचे पात्र सोबत मागत आहे. ह्या ओढाताणीत त्या पुस्तकाचा जीव आहे.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. ही कादंबरी मी पुष्कळ वर्षे वर्गात शिकविली. मानवी जिद्द, पराभवातील विजय, नियतीशी झुंज असे मोठमोठे शब्द वापरून शिकविली. एके वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "पण सर, तो मासा बाजारात गेला असता तर त्याचे पैसे किती आले असते?" वर्ग हसला आणि मीही हसलो. घरी जाऊन पुस्तक उघडले तेव्हा दिसले की, हा प्रश्न सांतियागोनेच विचारलेला आहे. मासा होडीला बांधल्यावर तो हिशेब मांडू लागतो: वजन दीड हजार पौंडांहून अधिक, साफ केल्यावर त्याचे दोनतृतीयांश उरेल, पौंडास तीस सेंट. पण डोके इतके शिणलेले की गुणाकार होत नाही, पेन्सिल हवी असे त्याला वाटते. हिशेब केला तर सुमारे तीनशे डॉलर होतात. मी ज्याला प्रतीक म्हणून शिकवीत होतो ते त्याच्या मालकाला आधी मिळकत म्हणून दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्यास वर्गासमोर तसे सांगितले.

वजन एकच, पण त्याचे अर्थ दोन. पाहुणा मासा तोलतो तो विक्रमासाठी, कोळी तोलतो तो भावासाठी. शार्कने तोडलेला मासा विक्रमाच्या वहीत बाद होतो आणि बाजारातही बाद होतो; परंतु एकाची सायंकाळ वाया जाते, दुसऱ्याचा हिवाळा.

मग ह्या कादंबरीत पाहुणा कोठेच नाही काय? आहे, शेवटच्या पानांवर आहे. धक्क्याजवळच्या उपाहारगृहात सहलीला आलेली मंडळी बसलेली आहेत. त्यांतील एका बाईस पाण्यात केरकचऱ्याबरोबर हेलकावणारा लांब पांढरा सांगाडा दिसतो. हे काय, म्हणून ती विचारते. वाढपी शार्कांनी काय केले ते सांगू पाहतो. तिचा समज होतो की हा सांगाडाच शार्कचा आहे, आणि शार्कचे शेपूट इतके सुंदर असते हे ठाऊक नव्हते, अशा अर्थाचे ती काही बोलते. ह्या प्रसंगाला पुष्कळ समीक्षक नुसता उपरोध म्हणून सोडून देतात. मला तो आत्मपरीक्षणासारखा वाटतो. वीस वर्षे त्या समुद्रावर पाहुणा म्हणून वावरलेल्या लेखकाने आपल्या जातीच्या माणसास नौकेवरून उतरवून उपाहारगृहात बसविले आणि तो काय पाहतो व काय पाहत नाही हे दाखवून पुस्तक संपवीत आणले.

हे सहज साधले नाही, याचा पुरावा त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात आहे. ही कादंबरी ज्या मोठ्या सागरग्रंथाचा अंश म्हणून कल्पिली होती, त्याचे इतर भाग 'आयलंड्स इन द स्ट्रीम' ह्या नावाने १९७० साली, लेखकाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्यातील बिमिनीच्या भागात डेव्हिड हा मुलगा एका प्रचंड तलवारमाशाशी तासन् तास झुंजतो. हातपाय सोलून निघतात, पण मोठी माणसे काठी हाती घेत नाहीत, कारण मग तो मासा त्याचा राहणार नाही. प्रसंग उत्कृष्ट रंगविला आहे. तरीही मला त्यात सर्वांत सजीव वाटतो तो एडी. मासा गळातून सुटून खाली जाऊ लागताच हा खलाशी आकडी घेऊन समुद्रात उडी टाकतो. मासा मिळत नाही. ज्याचे नाव कोणत्याच वहीत लागावयाचे नव्हते त्याने असे का केले, ह्याचे उत्तर लेखक फारसे शोधीत नाही. बाप आणि मुलगा यांच्यातच त्याचे मन गुंतलेले आहे.

ते उत्तर बेटावरच्या माणसानेच द्यावयाचे होते. सेंट ल्यूशिया बेटावर जन्मलेल्या डेरेक वॉलकॉट ह्या कवीने १९९० साली 'ओमेरॉस' हे दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. हेमिंग्वेची कादंबरी जेथे संपते तेथे हे काव्य सुरू होते, असे म्हटले तरी चालेल. आरंभीच प्रवासी छायाचित्रे घेत आहेत आणि फिलॉक्टीट नावाचा कोळी त्यांना होड्यांसाठी झाडे कशी तोडली ते सांगत आहे. जास्त पैसे दिले तर तो पायावरचा जखमेचा व्रणही दाखवितो. पण ती जखम बरी कशी झाली हे मात्र पैशांसाठी सांगत नाही. पाहुण्याला काय विकावे आणि काय विकू नये हे ठरविणारा माणूस येथे प्रथमच स्वतःच्या आवाजात बोलतो. ह्याच काव्यातील हेक्टर समुद्र सोडून प्रवाशांसाठी मोटार चालवू लागतो आणि अपघातात मरतो. अकील मात्र समुद्र सोडीत नाही. वॉलकॉट हेक्टरची निंदा करीत नाही. कोणत्या ओढीने माणसे होडी सोडतात हे त्याला घरातल्या माणसासारखे ठाऊक आहे.

आज त्या समुद्रावर पुष्कळ ठिकाणी मार्लिन धरून पुन्हा सोडून देतात. माशाच्या दृष्टीने ही सुधारणा आहे, आणि तिचे श्रेय खुद्द मत्स्यविनोदी मंडळींस दिले पाहिजे. व्यापारी नौकांच्या मैलोगणती लांब दोरांनी मरणारे मार्लिन त्यांच्या हातून मरणाऱ्यांहून कितीतरी अधिक आहेत. पण मासा सोडून दिल्यावर विकावयास उरतो तो दिवस. तांडेलाचे डोळे आणि खलाशाचे हात यांचा एक दिवस. म्हणून ह्या विषयावर लिहू पाहणाऱ्याने त्यांच्याकडे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष दिले पाहिजे.

पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेची ही कादंबरी मराठीत आणली तेव्हा तिला 'एका कोळियाने' असे नाव दिले. जाळे विणताना पडणारा आणि पुन्हा चढणारा कोळी आपण शाळेत शिकलेलो असतो. तो श्लेष तर त्यात आहेच. परंतु मला त्या नावाचे मोल निराळेच वाटते. मूळ नावात म्हातारा आणि समुद्र आहेत, धंदा नाही. मराठीने प्रथम धंद्याचे नाव घेतले. ज्या वाचकाच्या दारी टोपली घेऊन आलेल्या कोळणीशी रोज भावाची घासाघीस होत आली आहे, त्याला हा मासा किती रुपयांचा, हा प्रश्न हसण्यासारखा वाटावयास नको होता. मला तो वाटला, ह्याची खंत आहे.