कैसाची मदिनायात्रा

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथें नबाब महंमदखान नियाजी याची मोंगल धाटणीची कबर आहे. जहांगीर बादशहाकडून या अफगाण सरदारास हा मुलूख मिळाला होता. १६२७ सालीं तो वारला. त्याच्याच हयातींत, १६१२ सालीं, आपल्या वऱ्हाडांतील मलकापूर येथें निआमतुल्लानें ‘मखझन-इ-अफगाणी’ हा फारसी ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचा आश्रयदाता खानजहान लोदी. नियाजी व लोदी या दोन्ही कुळांचा मूळपुरुष म्हणून ग्रंथांत जो कैस येतो, त्याची कथा वाङ्मय म्हणून तपासण्याजोगी आहे.

घोरच्या डोंगरांतील अफगाणांकडे खालिद बिन वलीदचा निरोप येतो. त्यांचा नायक कैस निवडक मंडळींसह मदिनेस जातो, पैगंबरांसमक्ष इस्लाम स्वीकारतो, ‘अब्दुर्रशीद’ हें नांव पावतो आणि मक्केच्या स्वारींत पराक्रम गाजवितो.

इतिहास म्हणून ही कथा टिकत नाहीं. प्रारंभींच्या अरबी ग्रंथांत या भेटीचा मागमूस नाहीं. अकराव्या शतकारंभीं गझनीच्या महमुदानें घोरवर स्वारी केली, तेव्हांही तेथील बहुतेक लोक इस्लामबाह्यच होते. परंतु टीकाकारानें येथेंच थांबूं नये. आपल्या हेमाद्रीनेंही देवगिरीच्या यादवांचा वंश थेट चंद्रापर्यंत नेलाच आहे. अशा कथेस ती खरी कीं खोटी एवढेंच न विचारतां, ती कोणाला व कां हवी होती, हें विचारावें.

दिल्लीचें तख्त गमावून अफगाण मोंगलांचे चाकर झाले होते. आमचा धर्म कोणा जेत्यानें लादलेला नव्हे, आमचा पूर्वज तो आणावयास आपल्या पायांनीं गेला, असें ही कथा त्यांच्या वतीनें सांगते. तिचें बळ या स्वाभिमानांत आहे.

तिचें वैगुण्यही तेथेंच आहे. ग्रंथकारानें अफगाणांना बनी-इस्राएलांच्या तालूत राजाचे वंशज ठरविल्यामुळें कैसाला सोडावयाचें असें कांहीं उरतच नाहीं. नवा संदेश ऐकतांना टोळीच्या नायकापुढें देवांचा, पितरांचा आणि भाऊबंदांच्या रोषाचा जो प्रश्न खरोखर उभा राहतो, तो येथें उद्भवतच नाहीं. नांव मिळतें, मान मिळतो. मनुष्य मात्र दिसत नाहीं. वंशावळ म्हणून ही कथा यशस्वी झाली, धर्मांतराची कथा म्हणून ती अपुरी राहिली, असेंच आमचें मत आहे.