नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या भाषेंत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' या दोन प्रयोगांत अंतर एका मात्रेचें आणि एका अनुस्वाराचें. अर्थांत मात्र जमीन-अस्मानाचें. पहिली क्रिया बारशाची, दुसरी टीकाकाराची. गेलीं तीस वर्षें साहित्य शिकवतांना दुसरी क्रिया आमच्या हातून पुष्कळ घडली. पहिलीचें महत्त्व आम्हांस उशिरां कळलें. येथें मुरुडास पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या कीं अध्यापकासही जुनीं बाडें चाळण्यास सवड मिळते. यंदा त्या सवडींत 'अस्मितादर्श' या त्रैमासिकाचे जुने अंक पुन्हां वाचले. त्यावरून सुचलेले विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

या नियतकालिकाची कुळकथा आमच्याच जिल्ह्यापाशीं सुरू होते, असें म्हणावयास हरकत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि बरोबर दोन आठवड्यांनीं, ३ एप्रिल रोजीं, डॉ. आंबेडकरांचें 'बहिष्कृत भारत' हें पाक्षिक निघालें. कृति आणि लेखणी यांचें हें जुळेपण पुढें त्यांनीं काढलेल्या शिक्षणसंस्थांतही उतरलें. १९५० सालीं औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरांत) त्यांनीं महाविद्यालय काढलें. पुढें त्यास नांव मिळालें 'मिलिंद', आणि परिसरास 'नागसेनवन'. मिलिंद हा नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणारा राजा. ज्यांना शतकानुशतकें प्रश्न विचारण्याची मनाई होती, त्यांच्या मुलांच्या विद्यालयास प्रश्नकर्त्याचें नांव द्यावें, यांत मोठें औचित्य आहे.

याच मिलिंदच्या वातावरणांत, अमेरिकेंत उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. म. ना. वानखेडे आणि मराठीचे अध्यापक डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकारानें १९६७ सालीं 'अस्मिता' निघालें. लवकरच तें 'अस्मितादर्श' झालें आणि पानतावण्यांनीं तें कित्येक दशकें चालविलें. संपादक अध्यापक होते; परंतु त्यांच्या भोंवतीं जमलेले लिहिते हात बव्हंशीं विद्यार्थ्यांचे, किंवा नुकतीच विद्यार्थिदशा संपलेल्यांचे होते. ज्यांच्या घराण्यांत लेखणी धरणारी ती पहिलीच पिढी, अशांचे ते हात.

या लेखनावर त्या काळीं तीन आक्षेप घेतले गेले : भाषा अशुद्ध, सूर प्रचारकी, आणि विषय तोच तोच. तिसऱ्यांत तथ्य आहे, हें आम्ही मोकळेपणीं सांगतों. अंकामागून अंक वाचतांना सूर्य, अंधार आणि ज्वालामुखी इतक्या वेळां भेटतात कीं अखेरीस त्यांचा दाहही जाणवेनासा होतो. दुसरा आक्षेप अर्धवट खरा आहे. कारण प्रचार नेमका कोणता आणि निवेदन कोणतें, हें ठरविणारा बहुधा तें दुःख न भोगलेला असतो. पहिला आक्षेप मात्र सर्वस्वी चुकीचा होय. ज्या बोलीस छापखान्यानें कधीं दार उघडलें नव्हतें, तिनें आंत येतांना प्रमाण मराठीची अनुज्ञा घ्यावी, ही अपेक्षाच अन्यायाची. 'अस्मितादर्श'चा खरा पराक्रम एखाद्या कवितेंत शोधूं नये. लेखक आणि वाचक यांचे एकत्र मेळावे भरवून त्यानें वाचणाऱ्यास लिहितें केलें, हा तो पराक्रम. जो वाचक उद्यां लेखक होणार आहे, त्याच्यासाठीं चालविलेलें पत्र वेगळ्याच कसोटीनें पाहावें लागतें.

येथें दूरचें एक उदाहरण आठवतें. अमेरिकेंत मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांना 'चिकानो' असें तुच्छतेनें म्हणत. १९६० नंतरच्या दशकांत त्यांच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांनीं तोच शब्द उचलून छातीवर लावला. १९६७ सालीं, म्हणजे 'अस्मिता' निघाली त्याच वर्षीं, कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें 'एल ग्रितो', म्हणजे 'आरोळी', या नांवाचें त्यांचें नियतकालिक निघालें. १९६९ सालीं सांता बार्बारा येथें त्यांच्या विद्यार्थिसंघटना एका नांवाखालीं आल्या. १९७१ सालीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत 'ला हेन्ते' हें विद्यार्थ्यांचें पत्र सुरू झालें. १९९३ सालीं त्याच विद्यापीठांत आपल्या समाजाच्या अभ्यासास स्वतंत्र स्थान मिळावें म्हणून विद्यार्थी उपोषणास बसले. एकमेकांचें नांवही न ऐकलेल्या दोन किनाऱ्यांवर एकच गोष्ट घडत होती : हिणविण्याचा शब्द स्वाभिमानाचा करणें आणि त्यासाठीं आधीं छापखाना गांठणें. पुढें २००९ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें पहिलें विश्व मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं पानतावणे होते, हा योगायोग मनोज्ञ खरा.

नांवाचा प्रश्न कागदावर सुटत नाहीं, हें मराठवाड्यानें फार मोठी किंमत देऊन पाहिलें. १९५८ सालीं स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें २७ जुलै १९७८ रोजीं केला. त्याबरोबर गांवोगांव दलितांचीं घरें जळालीं, माणसें मारलीं गेलीं, आणि ठराव स्थगित झाला. विरोधकांतही विद्यार्थी होते, हें विसरून चालणार नाहीं. तरुणपण आपोआप न्यायाच्या बाजूस उभें राहतें, हा भाबडा समज त्या वर्षानें पुसून टाकला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजीं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. 'नांवांत काय आहे?' असें विचारणाऱ्या सुशिक्षितांस या साडेपंधरा वर्षांनीं उत्तर दिलें आहे. ज्याचें नांव आधींच पाटीवर आहे, त्यालाच तो प्रश्न सुचतो.

आतां स्वतःविषयीं एक कबुली. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयाच्या वार्षिकाचें संपादन आमच्याकडे होतें. कोळीवाड्यांतील एका विद्यार्थ्यानें मासळीची टोपली घेऊन गांवें फिरणाऱ्या आपल्या आईवर लेख दिला. आई त्यांत तिच्याच बोलींत बोलत होती. आम्हीं कर्तव्यबुद्धीनें लाल शाई चालविली. अंक निघाला तेव्हां ती माउली पुस्तकी मराठी बोलूं लागली होती. मुलानें तें पान एकवार पाहिलें, "छान झालंय, सर," म्हणाला आणि गेला. पुन्हां त्यानें आमच्याकडे कांहीं लिहून आणलें नाहीं.

त्या लेखांतील चुका आज आठवत नाहींत. तो 'छान झालंय' मात्र आठवतो. 'अस्मितादर्श'चे अंक वाचतांना वारंवार वाटलें कीं तो लेख तेथें गेला असता, तर जसाच्या तसा छापला गेला असता. यंदाच्या वार्षिकाचे लेख टेबलावर आले आहेत. लाल शाईची दौत आम्हीं कपाटांत ठेवली आहे. आधीं सर्व लेख एकदां मोठ्यानें वाचावयाचे, असें ठरविलें आहे.