शहीद : एका शब्दाची झडती

कर्जत-खालापूरकडे भाई कोतवालांचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. माथेरानचे हे वकील आझाद दस्ता उभारून बेचाळीसच्या लढ्यात उतरले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपट आला, 'शहीद भाई कोतवाल'. मूळचा अरबी असलेला हा शब्द त्या नावात कुणाला परका वाटला नाही.

उर्दू शाळेत आम्ही मुलांना सांगतो, शहादत म्हणजे साक्षही आणि बलिदानही. मागचेपुढचे वाक्य वाचल्याशिवाय अर्थ लावू नका.

फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीने हा साधा धडा गिरवला नव्हता. तिने धोकादायक ठरवलेल्या व्यक्तीसाठी 'शहीद' शब्द वापरला की मजकूर काढला जाई; मग ती बातमी असो की टीका. कोतवाल त्या यादीतले नव्हेत, पण शब्द तोच. कंपनीनेच स्थापलेल्या देखरेख मंडळाने मार्च २०२४ मध्ये कान टोचले : या एका शब्दापायी बहुधा सर्वांत जास्त मजकूर हटवला गेला, सरसकट बंदी नको, हिंसेची स्पष्ट खूण असेल तरच हटवा. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने ते मानले.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. अशा अफवेत शिवी लागत नाही, जातधर्माचे नावही लागत नाही. शब्दांची यादी घेऊन बसलेल्या पहारेकऱ्याला ती दिसणार कशी? त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी ५ ठिकाणीच पुढे धाडता येईल असे ठरवले. शब्दाला नव्हे, वेगाला लगाम घातला.

पण केवळ कंपन्यांना बोल लावून आमची सुटका नाही. आमच्याविरुद्ध कुणी लिहिले की आम्ही म्हणतो, काढून टाका, गुन्हा नोंदवा. आमचे लिखाण अडले की अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवते. २०१२ साली पालघरमध्ये बंदविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून एका मुलीला आणि ते पसंत केले म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. ज्या ६६ अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. चर्चा वेगळी, पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी, हा भेद न्यायालयाने केला. आमच्या मते कसोटी हीच. मन दुखावले तर लेखणीने उत्तर द्यावे. कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर कायद्याकडे जावे. आणि ही कसोटी आधी आपल्या लिखाणाला लावावी.

शहीदचा मूळ अर्थ साक्षीदार. हातातला निरोप पुढे धाडताना आपण कशाची साक्ष देतो आहोत, एवढे तरी वाचकांनी पाहावे.