कॉमिट संदेशाची संहिता : एक चिकित्सा

लिनक्स कर्नलच्या विकासात संगणकीय संहितेतील दुरुस्त्या, म्हणजेच 'पॅच', ई-मेलने पाठविण्याची परंपरा आजही टिकून आहे. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेली 'पॅच' ही आज्ञावली ओळींमधील फरक तेवढा लागू करी. तो फरक कशासाठी, हे सोबतच्या पत्रातच राहून जाई. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्माण केलेल्या 'गिट'ने ही उणीव पुष्कळशी दूर केली. 'फॉरमॅट-पॅच' ही आज्ञा लेखकाचे नाव, दिनांक व कॉमिट संदेश ई-मेलमध्ये गोवते आणि 'एएम' ही आज्ञा स्वीकारणाऱ्याच्या भांडारात त्यांची पुन्हा नोंद करते. हस्तलिखिताच्या पुष्पिकेचे येथे स्मरण व्हावे.

मात्र हे जतन निवडक आहे. विषयओळीच्या आरंभीचा चौकटी कंस गळतो, ते योग्यच. 'पॅच, आवृत्ती तीन' हे टपालाचे शिक्के होत. परंतु तीन आडव्या रेघांखालील टिपणही गळते. आधीच्या मसुद्यात कोणता दोष होता, कोणाच्या आक्षेपामुळे काय बदलले, हे विकासक नेमके तेथेच लिहितात. इतिहास सुटसुटीत राहावा, हा या संकेतामागील युक्तिवाद समजण्याजोगा असला तरी पुरेसा नाही. दहा वर्षांनी ती ओळ बदलू पाहणाऱ्याला निर्णय सापडतो, नाकारलेला पर्याय सापडत नाही. आणि तोच पर्याय तो नव्याने सुचवतो. आक्षेपाचे सार रेघांच्या वर, संदेशातच लिहिण्यास गिटची कोणतीही आडकाठी नाही.