ऑगस्टीनची नाशपाती : पाप स्वभावात की संमतीत?

मनुष्य स्वभावतःच पापी आहे काय, या प्रश्नाच्या संदर्भात संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ (इ. स. ४०० च्या सुमारास) या आत्मकथनातील चोरीचा प्रसंग विचारात घ्यावा लागतो. सोळाव्या वर्षी त्याने सवंगड्यांसह शेजारच्या झाडावरील नाशपाती चोरली. भूक नव्हती, स्वतःजवळ याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकण्यात आली. ऑगस्टीनला येथे दुष्कृत्याचीच गोडी आढळते. पुढे त्याने आदमच्या पापाचा वारसा प्रत्येक मनुष्यास जन्मतः प्राप्त होतो, असे प्रतिपादन केले. पेलॅगियसने ते नाकारले. परंतु ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलॅगियसचा पक्ष त्याज्य ठरविला.

तथापि ऑगस्टीन स्वतःच नमूद करतो की, आपण एकटे असतो तर ही चोरी केली नसती. हा तपशील त्याच्या सिद्धांतास अडचणीचा आहे. संगतीविना जे घडलेच नसते, ते केवळ जन्मजात स्वभावाचे फळ कसे मानावे? मोह स्वभावात असू शकेल. मात्र नकार शक्य असताना दिलेली संमती कृतीस अनैतिक ठरविते. सारा दोष स्वभावाच्या माथी मारल्यास पश्चात्तापास अर्थ उरत नाही, आणि ‘कन्फेशन्स’ हा तर पश्चात्तापाचाच ग्रंथ आहे.